चिप-संशोधनाचा पैसा आणि पंपाचे बेअरिंग

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सेमीकंडक्टर (अर्धवाहक, म्हणजे ज्यापासून चिप बनते तो पदार्थ) हा शब्द गेल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागला, याचा मला इतरांपेक्षा थोडा जास्तच आनंद व्हायला हवा, कारण माझ्या नोकरीची सव्वीस वर्षे त्याच विषयात गेली. पण या बातम्या बहुतेक जमिनीच्या, गुंतवणुकीच्या आकड्यांच्या आणि कोणता प्रकल्प कोणत्या राज्याने पळवला याच्या असतात. २०२५ मध्ये मात्र वृत्तसंस्थेची एक वेगळी बातमी वाचनात आली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुमारे तीस शास्त्रज्ञांच्या गटाने सिलिकॉनच्या पुढच्या, एका-दोन अणूंइतक्या जाडीच्या पदार्थांपासून चिप बनवण्याच्या संशोधनासाठी केंद्र सरकारकडे पाच वर्षांत ५०० कोटी रुपये मागितले होते. त्यांचा पहिला अहवाल एप्रिल २०२२ मध्ये प्रधान वैज्ञानिक सल्लागारांकडे गेला होता आणि सुधारलेला अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सादर झाला, असे त्या बातमीत म्हटले होते. पहिल्या अहवालापासून दुसऱ्यापर्यंत अडीच वर्षे गेली. ज्या विषयात दर दोन वर्षांनी जगातल्या कारखान्यांची एक पिढी बदलते, त्या विषयात अडीच वर्षे म्हणजे काय, हे निदान मला तरी समजते.

मी शास्त्रज्ञ नाही. एका सरकारी संशोधन संस्थेच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे चिपच्या कामासाठी धूळ आणि ओल काटेकोरपणे आवरलेल्या खोलीत, यंत्रे चालवणारा आणि ती बंद पडली की उघडून बसणारा तंत्रज्ञ म्हणून मी निवृत्त झालो. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते धोरण ठरवणाऱ्यांच्या खुर्चीवरून दिसलेले नाही, यंत्राखाली आडवे पडल्यावर दिसलेले आहे. तरीही आपल्या वाचकांपुढे ते यावे असे वाटते, कारण सेमीकंडक्टर मिशनच्या दुसऱ्या टप्प्याच्या घोषणा आता होऊ लागल्या आहेत आणि पहिल्या टप्प्यात जे राहून गेले ते याच वेळी सांगितले पाहिजे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला; मिशनचा पहिला टप्पा तो हाच. त्यातले ६५,००० कोटी उत्पादनासाठी, म्हणजे चिपचे फॅब (चिप प्रत्यक्ष घडवणारे कारखाने), डिस्प्लेचे फॅब आणि जुळणी-चाचणीचे कारखाने यांच्यासाठी, १०,००० कोटी मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या आधुनिकीकरणासाठी आणि १,००० कोटी चिपचे डिझाइन करणाऱ्या कंपन्यांसाठी, अशी ढोबळ वाटणी सरकारने सांगितली होती. पुढच्या पिढीच्या चिपवरील संशोधनासाठी या वाटणीत स्वतंत्र रकाना नव्हता. याचा अर्थ संशोधनाला देशात पैसाच मिळत नाही असा नाही. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या इतर योजनांतून तो येतो, आणि त्या पैशावर माझेही घर चालले आहे. पण मिशन म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, ज्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक होते आणि ज्याच्या खर्चावर पंतप्रधान कार्यालयाचे लक्ष असते, त्या थाळीत संशोधनाची वाटी नव्हती.

अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये चिपसंबंधीचा कायदा केला, तेव्हा ५२.७ अब्ज डॉलरपैकी ३९ अब्ज कारखान्यांच्या प्रोत्साहनासाठी आणि ११ अब्ज त्यांच्या वाणिज्य खात्याने करावयाच्या संशोधन व विकासासाठी अशी विभागणी कायद्यातच केली. पुढे सत्ताबदल झाल्यावर तिथेही या संशोधनाच्या पैशांवरून ओढाताण झाली, तेव्हा अमेरिकेचे सगळेच डोक्यावर घ्यावे असे मी म्हणत नाही. मात्र कारखान्याला पाच रुपये द्यायचे तर त्यातला एखादा रुपया प्रयोगशाळेकडे जायला हवा, हे त्यांनी आधी लिहून ठेवले होते. आपल्याकडे साणंदच्या, मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या, कारखान्याचा खर्च २२,५१६ कोटी आहे आणि त्याचा निम्मा भार केंद्र सरकार व आणखी वीस टक्के गुजरात सरकार उचलत आहे. हा कारखानाही चिप बनवत नाही. बनलेल्या चिपची जुळणी, चाचणी आणि पॅकिंग करतो. धोलेऱ्याचा टाटांचा प्रकल्प ९१,००० कोटींचा आहे, तिथे तैवानच्या पॉवरचिप कंपनीचे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुने तंत्रज्ञान येणार आहे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; हा आकडा जितका लहान तितके तंत्रज्ञान नवे). हे कारखाने नकोत असे म्हणणारा मी शेवटचा माणूस असेन. मोटारी, विजेचे मीटर, वॉशिंग मशिन यांना हेच तंत्रज्ञान लागते. पण विज्ञान संस्थेच्या त्या गटाने मागितलेले ५०० कोटी म्हणजे ७६,००० कोटींचा पाऊण टक्कासुद्धा होत नाही, एवढे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता प्रश्न येतो की जे अजून झालेलेच नाही त्यावर सरकारने खर्च का करावा. याचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या स्मार्टफोनमधल्या मुख्य चिपमध्ये जो ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा सूक्ष्म खटका, असतो त्याला फिनफेट म्हणतात. सिलिकॉनची एक बारीक भिंत माशाच्या पाठीवरच्या परासारखी उभी असते आणि प्रवाह आवरणारे गेट तिला तीन बाजूंनी कवटाळते, म्हणजे प्रवाह बंद करायचा म्हटल्यावर तो खरोखर बंद होतो. ही कल्पना कोणत्याही कारखान्यात जन्मली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेव्हा उद्योग २५० नॅनोमीटरच्या आसपास चाचपडत होता, तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २५ नॅनोमीटरच्या खालचा ट्रान्झिस्टर कसा करता येईल यासाठी पैसा देऊ केला. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चेनमिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घेऊन हा आकार घडवला. इंटेलने तो प्रत्यक्ष उत्पादनात आणत असल्याचे जाहीर केले ते मे २०११ मध्ये. मधल्या चौदा-एक वर्षांत त्या संशोधनाने सरकारला रुपयाचा, म्हणजे डॉलरचा, परतावा दिला नव्हता. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या नियमाने तपासले असते तर तो चार वेळा अपयशी ठरून बंद झाला असता.

विज्ञान संस्थेच्या प्रस्तावातले पदार्थही असेच आज दूरचे वाटतात. त्यातल्या एकाचे नाव मोलिब्डेनम डायसल्फाइड. नाव परके वाटले तरी पदार्थ परका नाही. गॅरेजमध्ये काही ग्रीसमध्ये जी काळी चकचकीत पूड घालतात ती हीच. तिचे थर पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवरून घसरतात म्हणून ती वंगण. त्यातला एकच पत्ता सोडवून घेतला तर त्याची जाडी नॅनोमीटरच्याही आत, पाऊण नॅनोमीटरपेक्षा कमी भरते, आणि तो अर्धवाहक असतो. सिलिकॉन इतके पातळ केले की त्याचा पृष्ठभाग खडबडीत होऊन इलेक्ट्रॉन अडखळू लागतात. हा पत्ता निसर्गतःच गुळगुळीत आहे. त्याचा पहिला चांगला ट्रान्झिस्टर स्वित्झर्लंडमधील लोझानच्या प्रयोगशाळेत २०११ मध्ये झाला. एक ट्रान्झिस्टर करणे आणि तळहातापेक्षा मोठ्या वेफरवर, म्हणजे चिप घडवण्याच्या चकतीवर, सर्वत्र एकसारखा, न फाटलेला, न सुरकुतलेला थर वाढवून अब्जावधी ट्रान्झिस्टर करणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर अजून कोणीच पूर्ण कापलेले नाही. म्हणून तर इथे आपल्याला जागा आहे. २८ नॅनोमीटरमध्ये आपण इतरांच्या बराच मागे आहोत आणि तंत्रज्ञान विकत घेण्यावाचून इलाज नाही; जिथे सगळेच चाचपडत आहेत तिथे मागे पडलेल्यालाही रांगेत पुढे उभे राहता येते.

परंतु केवळ रक्कम मंजूर झाली म्हणजे काम झाले असे नाही, आणि माझ्या या पत्राचा खरा मुद्दा तोच आहे. आपल्याकडे संशोधनाचा पैसा यंत्र विकत घेण्यासाठी येतो. ते चालवण्यासाठी येत नाही.

आमच्या क्लीनरूममध्ये पातळ धातूचा थर बसवणारे एक परदेशी यंत्र होते. साडेतीन कोटींचे. तीन वर्षांच्या प्रकल्पातून घेतलेले. त्याच्या पोटातली हवा उपसण्यासाठी टर्बो पंप असतो. त्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि पंप निरोगी असला की त्याचा एकच बारीक, सरळ सूर येतो. एका सोमवारी सकाळी तो सूर मला जाडसर लागला. दुपारपर्यंत पंप गरम होऊन आपणहून बंद झाला. बेअरिंग गेले होते. दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाखांचा आला. प्रकल्प आधीच्याच वर्षी संपला होता, हमीची मुदतही संपली होती, आणि देखभाल करारासाठी प्रकल्पात पैसे धरलेले नव्हते, कारण प्रस्ताव लिहिताना ते शीर्ष (खर्चाचा रकाना) कापले जाते हे सर्वांना माहीत असल्याने कोणी मागतच नाही. संस्थेचे देखभालीचे सर्वसाधारण शीर्ष होते, पण ते इमारत, लिफ्ट आणि वातानुकूलन यांचे. लेखा विभागाने तीन दरपत्रके मागितली. तो पंप एकच कंपनी दुरुस्त करते, असे प्रमाणपत्र आम्ही दिले. मग प्रमाणपत्रावर कोणाची सही हवी याची चर्चा झाली. मग पंप परदेशी पाठवून परत आणायचा असल्याने सीमाशुल्काचे कागद झाले. पंप परत येऊन यंत्रात बसला त्या दिवशी सात महिने आणि अकरा दिवस झाले होते.

लेखा विभागातल्या माणसांना मी दोष देत नाही. ती नियमाने वागली, आणि नियम मोडून वागली असती तर लेखापरीक्षणात तीच अडकली असती. पण त्या सात महिन्यांत आमच्याकडे पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी होती आणि तिची शिष्यवृत्ती त्या वर्षाअखेर संपणार होती. तिच्या प्रबंधात प्रत्यक्ष मोजमापांची दोन प्रकरणे व्हायची होती. एक झाले. दुसरे तिने संगणकावरच्या सिम्युलेशनने भरले. आज ती युरोपातल्या एका प्रयोगशाळेत आहे. मध्यंतरी फोनवर सहज म्हणाली, "काका, इथे यंत्र बंद पडले की संध्याकाळपर्यंत चालू होत नाही म्हणून लोक तक्रार करतात." त्या गोष्टीवर आम्ही दोघेही हसलो.

क्लीनरूम म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्यांना सांगायचे तर मुंबई-ठाण्याचा जुलै महिना आठवावा. बाहेर हवेत नव्वद टक्के ओल असते तेव्हा आत, जिथे वेफरवर प्रकाशाने नक्षी उमटवतात त्या पिवळ्या दिव्यांच्या खोलीत, ती पंचेचाळीसच्या आसपास आणि तापमान अंशभरही न हलता ठेवावे लागते. वेफरवर पसरलेले रसायन ओलीने चिकटत नाही आणि नक्षी धुताना निसटून जाते. त्यासाठी चिलर रात्रंदिवस चालतात, रविवारी आणि गणपतीतही, कारण एकदा थांबवले की खोली पुन्हा स्वच्छ व्हायला दिवस लागतात. धुण्याचे पाणी इतके शुद्ध लागते की त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. सायलेन वायू हवा लागताच पेट घेतो, त्याच्या सिलिंडरची कपाटे आणि गळती सांगणारी यंत्रे दर वर्षी तपासून घ्यावी लागतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा थेंब त्वचेवर पडला तर लगेच फारसे दुखत नाही आणि तेच त्याचे खरे भय. ते आत हाडापर्यंत जाते. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवतात. त्या मलमाच्या ट्यूबवरही मुदतीची तारीख असते आणि नवीन ट्यूब मागवायची तर तिलाही शीर्ष लागते. हे सगळे चालवण्याचा वर्षाचा खर्च कोणत्याही उद्‌घाटनाच्या फोटोत येत नाही, कारण त्यात फीत कापण्याजोगे काहीच नसते.

माणसांचेही तेच. भट्टीचे तापमान ठरल्यापेक्षा दोन अंश कमी आहे हे तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या आधी ज्याला कळते असा माणूस तयार व्हायला सात-आठ वर्षे लागतात. आपण त्याला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवतो. करार संपला की मधला एक दिवस तो घरी बसतो, म्हणजे सलग नोकरीचा दावा करता येऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रुजू होतो. चार-पाच वेळा असे झाले की तो कुठल्या तरी औषध कंपनीत लागतो, जिथे क्लीनरूम असते आणि पगार वेळेवर असतो. नवा मुलगा येतो, पहिल्याच महिन्यात क्वार्ट्झची नळी तडकवतो, आणि आपण पुन्हा शून्यावर.

चालू ठेवलेल्या सोयीतून काय निघते याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या पैशातून पवईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत २००६ च्या सुमारास नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली आणि २००८ पासून देशभरातल्या बाहेरच्या संशोधकांना ती वापरू देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. स्वतःच्या महाविद्यालयात साधा सूक्ष्मदर्शकही धड नसलेल्या कित्येक अध्यापकांनी तिथे आयुष्यातला पहिला ट्रान्झिस्टर स्वतःच्या हाताने केला. पुढे २०२१ मध्ये पवईच्या आयआयटीतील उदयन गांगुली यांच्या गटाने विकसित केलेले एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीचे तंत्रज्ञान मोहालीच्या लॅबोरेटरीने आपल्या १८० नॅनोमीटरच्या उत्पादनात घेतले. १८० नॅनोमीटर हे तंत्रज्ञान जगाच्या हिशेबात पंचवीस वर्षे जुने आहे हे खरे. पण प्रयोगशाळेतली गोष्ट कारखान्याच्या वेफरवर उतरवण्याचा जो रस्ता आहे, तो आपल्या माणसांनी एकदा शेवटपर्यंत चालून पाहिला. त्याच मोहालीत बनलेला विक्रम हा ३२ बिटांचा प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आला, तोही अवकाश खात्याने वर्षानुवर्षे ती उत्पादनाची रेषा चालू ठेवली म्हणून.

मोहालीचा इतिहास आपल्या पिढीला ठाऊक आहे. १९८४ मध्ये तिथे पाच मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) तंत्रज्ञानावर उत्पादन सुरू झाले, थोड्याच वर्षांत ते ०.८ मायक्रॉनपर्यंत पोहोचले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत सारे भस्म झाले. सगळा दोष आगीवर टाकणे सोपे आहे. पण आग विझल्यावर ती संस्था पुन्हा धावती करण्याची घाई कोणाला नव्हती, हे त्याहून महागात पडले. तैवानचे उदाहरण यासाठीच पाहावे. तंत्रज्ञान त्यांनीही विकतच घेतले होते, १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून. पण ते घेतले कोणी? सरकारी संशोधन संस्थेने, म्हणजे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इट्रीने. तिने आपले तरुण अभियंते अमेरिकेत शिकायला पाठवले, परत आल्यावर संस्थेच्याच आवारात प्रायोगिक कारखाना चालवला आणि त्या कारखान्यातून पुढे कंपन्या बाहेर पडल्या. १९८७ मधली टीएसएमसी ही त्यातलीच, आणि तिच्यातही सुरुवातीला जवळपास निम्मा पैसा सरकारचा होता. आधी कारखाना येऊ द्या, संशोधन मागाहून बघू, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा. धोलेऱ्यात तंत्रज्ञान येत आहे. ते आत्मसात करून पुढे नेणारी आपली इट्री कोणती, याचे उत्तर मला कोणत्याही सरकारी पत्रकात सापडले नाही.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियमही सैल केले आणि संस्थांच्या संचालकांना सरकारी पोर्टलबाहेर खरेदीची मुभा दिली. हे आमच्या काळात झाले असते तर मी पेढे वाटले असते. पण त्या एक लाख कोटींची घडण वाचकांनी समजून घ्यावी. तो पैसा मुख्यतः कमी व्याजाच्या वा बिनव्याजी दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या रूपाने किंवा भागभांडवल म्हणून खासगी क्षेत्राला मिळणार आहे, आणि तोही तंत्रज्ञान चौथ्या पातळीला पोहोचल्यानंतर. कल्पनेपासून बाजारापर्यंत नऊ पातळ्या मानतात; चौथी म्हणजे प्रयोगशाळेत गोष्ट सिद्ध झाली. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकसारखा वेफर ही बाब या पायरीच्या खाली आहे, आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा कर्ज घेऊन फेडणार तरी कशातून? पहिल्या तीन पायऱ्यांसाठी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. त्याच्या २०२३ ते २०२८ या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी सरकारी वाटा १४,००० कोटींचा आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, देणगीदार यांच्याकडून यावेत अशी अपेक्षा आहे. आणि हा पैसा एकट्या चिपसाठी नाही, शेतीपासून आरोग्यापर्यंत सर्व विज्ञानासाठी आहे. एकूण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करणाऱ्या देशात उद्योगांनी इतके हात सैल सोडावेत ही आशा मला मोठी वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात कारखान्यांना जे अनुदान द्यायचे त्याचा दहावा हिस्सा पुढच्या पिढीच्या उपकरणांवरील संशोधनासाठी आधीच बाजूला काढावा, आणि त्या हिश्श्यातला निदान तिसरा भाग फक्त चालवण्याच्या खर्चासाठी, म्हणजे सुटे भाग, वायू, वीज आणि कायम तंत्रज्ञ यांच्यासाठी, बांधून ठेवावा. मुदत तीन वर्षांची नको, दहा वर्षांची हवी. मध्ये कठोर तपासणी जरूर करावी आणि जे चालत नाही ते बंदही करावे. ३१ मार्चला शिल्लक परत आणि नवा हप्ता पावसाळ्यात, या चक्रातून निदान वायू आणि सुटे भाग यांची सुटका करावी, कारण एप्रिल ते जुलै भट्टी थंड ठेवता येत नाही. आणि एखाद्या प्रस्तावाला नकार द्यायचा असेल तर तो सहा महिन्यांत द्यावा. नकाराने माणूस दुसरीकडे वळतो. नुसत्या वाट पाहण्याने गट फुटतो, आणि फुटलेला गट पुन्हा जमत नाही.

यावर उधळपट्टीची शंका घेतली जाईल आणि ती अगदीच अनाठायी नाही. नव्या कोऱ्या यंत्रांवर प्लास्टिकचे आवरण तसेच राहिलेले मीही पाहिले आहे. पण त्याचे कारण असे की आपण हिशेब खरेदीचा मागतो. उपयोगिता प्रमाणपत्रात यंत्र आले, बसले, पैसे चुकते झाले, एवढे लिहिले की सरकारचे समाधान होते. त्याऐवजी वर्षात यंत्र किती तास चालले, किती तास बंद होते, बाहेरच्या किती लोकांनी ते वापरले, हे विचारावे. हा हिशेब ठेवायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक यंत्राशेजारी लॉगबुक असते. त्या सात महिन्यांत आमच्या यंत्राच्या लॉगबुकात मी रोज तारीख घालून ‘पंप नाही’ एवढेच लिहीत असे. ती वही कोणीही कधी मागितली नाही.

महाराष्ट्रापुरते एक सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावला येईल असे वाटत असलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा आपल्याकडे केवढे वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. तंत्रज्ञान पुरवणारा भागीदार पक्का होत नाही, हे त्या प्रकल्पाचे दुखणे असल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. म्हणजे आपण ज्यासाठी भांडलो त्यात जमीन होती, सवलती होत्या, तंत्रज्ञानाचाच पत्ता नव्हता. राज्य सरकारला चिपच्या क्षेत्रात खरोखर काही करायचे असेल तर पवईसारखी सोय राज्यात आधीच आहे, पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आहे, आणि राज्यातल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी मुले आहेत. या मुलांनी वर्षातून दोन महिने क्लीनरूममध्ये काम करावे, यासाठी त्यांचा प्रवास, राहणे आणि वापरलेल्या वेफरचा खर्च राज्याने उचलला, तर तो एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या मुद्रांक शुल्क सवलतीतही बसून जाईल.

शेवटी आपल्याकडेच एक विनंती. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी चिपसाठी किती हजार कोटी हा मथळा आपण देणारच. त्या बातमीसाठी आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने मंत्रालयाला आणखी दोन प्रश्न विचारावेत: या रकमेत संशोधनाची यंत्रे विकत घेण्यासाठी किती आणि ती चालवण्यासाठी किती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त क्लीनरूम तंत्रज्ञ,
ठाणे